भिंतीमागचा हात

"आठे कोन ऐकस रे भो? पब्लिकले बेस पायजे."

धुळ्या-जळगावकडे डीजेचा धंदा करणाऱ्या कुणापुढेही स्क्रॅचिंगचा, म्हणजे तबकडी हाताने पुढे-मागे घासून वाजवण्याचा विषय काढा, बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळेल. असं म्हणणारा माणूस अडाणी नसतो. लग्नसराईत गाडी, जनरेटर, टॉप, बेस, पोरं असा सगळा पसारा सांभाळून तो चार पैसे कमावतो. धंद्यातलं त्याला कळतं, म्हणून शिकाऊ पोरं त्याचं म्हणणं मुकाट मान्य करतात. तयार नॉनस्टॉप उतरवून घेतात, पेनड्राइव्हवर चढवतात आणि वरातीत लावून देतात. मधूनच त्या गाण्यात दुसऱ्याच कुणा डीजेच्या नावाचा घोगरा पुकारा होतो. पारोळ्याच्या वरातीत नागपूरच्या डीजेचं नाव गरजतं आणि गाडीतला पोरगा मोबाइल बघत बसलेला असतो. याचं कुणाला काही वाटेनासं झालंय.

मला त्या ‘आठे कोन ऐकस’ या वाक्याशी भांडायचं आहे. खान्देशातल्या पब्लिकला हाताची करामत कळत नाही, हे खरं नाही. उलट ती जितकी इथल्या लोकांना कळते तितकी फार थोड्या ठिकाणी कळत असेल. बँडवाल्यांच्या मागे चालणारी वरात आठवा. क्लॅरिनेटवाला एखादी तान लांबवतो, ढोलवाला मधेच ठेका मोडून वेगळाच तुकडा टाकतो आणि बरोबर समेवर येतो, तेव्हा ओवाळणीच्या नोटा कुणाच्या हातात पडतात? त्या वाजवणाऱ्याच्या. नवरदेवाच्या मामाला ताल म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नसतं, पण समेवर कोण आलं आणि कोण घसरलं हे त्याला नेमकं कळतं. संबळ असो, हलगी असो, वहीगायनातला डफ असो, इथला माणूस कान देऊन ऐकतो तसा हाताकडे डोळे लावून बघतोही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि शास्त्रीय संगीताच्या मैफलीला लोक थंडीत कानटोपी घालून बसतात, ते वेगळंच.

मग डीजेच्या गाडीपुढे हेच लोक नुसत्या धडधडीवर का नाचतात? कारण तिथे बघण्यासारखा हातच नसतो. गाडीची रचना बघा. पुढे बेसच्या पेट्यांची भिंत, वर टॉप, त्यावर डोळे दिपवणारे लाइट, आणि कन्सोल गाडीच्या पोटात, भिंतीच्या पाठीमागे. वाजवणारा पब्लिकला दिसत नाही, पब्लिक त्याला दिसत नाही. एखाद्या तबलजीला पडद्याआड बसवायचं आणि वर म्हणायचं की लोकांना तबला कळत नाही, त्यातला हा प्रकार. दोष मांडणीचा आहे आणि आपण तो लोकांच्या आवडीवर ढकलतो.

ज्या कलेबद्दल बोलतोय ती, म्हणजे हिप-हॉपची डीजेगिरी, भिंतीमागे जन्मलेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 ला कूल हर्क या जमैकाहून आलेल्या पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या घेऊन गाण्यातला नुसता ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. इमारतीतला समाईक हॉल, समोर नाचणारी ओळखीची पोरं. नाचणारे कुठल्या तुकड्याला उसळतात हे त्याला समोर दिसत होतं, म्हणून तर तो तुकडा लांबवायची बुद्धी झाली. स्क्रॅचचा जन्म तर याहून मजेशीर आहे. 1975 च्या सुमारास, बारा-तेरा वर्षांचा थिओडोर घरी मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई दारात येऊन ओरडली, आवाज कमी कर. तिचं ऐकून घेताना त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत पुढे-मागे हलवली. हेडफोनमध्ये जो घासल्याचा आवाज आला तो त्याला आवडला. पुढे ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून प्रसिद्ध झालेल्या त्या मुलानेच ही हकीकत सांगितली आहे. म्हणजे ज्या कलेला आपले लोक बेस नाही म्हणून बाद करतात, ती मुळात आवाज कमी करायला सांगितल्यावर सापडलेली आहे!

"हिप-हॉप आपलं नाही भाऊ" असंही एक पालुपद असतं. त्याला फार वेळ द्यायला नको. आपल्या मिरवणुकांत जो बेंजो टणत्कारतो तो जपानच्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज आहे. 1912 मध्ये नागोया शहरात एका माणसाने टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून ते बनवलं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट गोऱ्या पलटणींच्या बँडमधून आले. पेटी युरोपातून आली आणि आता तिच्याशिवाय भजन होत नाही. वाद्य कुठून आलं याचा हिशेब खान्देशाने कधी ठेवला नाही, तो आताच कशाला काढायचा?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण इथे नवशिक्यांची फसगत होते. त्यांना सांगितलं जातं की सिंकचं बटण आहे, ते दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात, कान तयार करायची गरज उरलेली नाही. अर्धवट सत्य आहे हे, आणि आपल्या भागात तर अर्ध्याहून कमी. सिंक काय करतं? सॉफ्टवेअर गाण्यातले ठोके मोजून त्यावर एक जाळी आखतं आणि दोन जाळ्या एकमेकींवर बसवतं. संगणकावर, मोजून-मापून बनवलेल्या हिप-हॉपच्या गाण्याला ते चालतं. पण जुनं गाणं घ्या, जिवंत वादक बसवून मेट्रोनोमशिवाय रेकॉर्ड केलेलं. त्यात लय श्वास घेते; अंतऱ्याला जरा चढते, शेवटी जरा रेंगाळते. जाळी तिथे सरकते आणि सिंक बिनदिक्कत चुकीच्या जागी ठोका बसवतं. त्यातून गाण्याचा झोका सहा मात्रांचा असला, आणि आपल्याकडच्या पावरीच्या चालीवरच्या किंवा नाचाच्या गाण्यांत तो पुष्कळदा असतो, तर सॉफ्टवेअर 90 ची लय सरळ 135 म्हणून वाचतं. म्हणजे बटण नेमकं आपल्याच गाण्यांवर दगा देतं. ‘केसावर फुगे’सारखी अहिराणी गाणी खान्देशाबाहेरच्या वरातींत जाऊन पोचली, ती दुसऱ्या ठेक्यात नीट मिसळायची तर कान लागतो, आणि तो कान असायला हवा इथल्या पोराचा. पुण्याच्या डीजेने ते काम का करावं?

कान तयार करणं म्हणजे काय, ते एका हिशेबाने सांगतो. एक गाणं मिनिटाला 90 ठोक्यांचं आहे, दुसरं 91 चं. फरक किती, एकाचा. पण दोन्ही एकत्र सोडली की अर्ध्या मिनिटात दुसरं गाणं अर्धा ठोका पुढे गेलेलं असतं, म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडतो आणि टांगेवाल्याचं घोडं लंगडल्यासारखा आवाज यायला लागतो. सोळा बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) हिप-हॉप अंतरा या लयीत जेमतेम 43 सेकंदांचा. तेवढ्या वेळात बेताल होण्याची पाळी येते, आणि ती येण्याआधी, पहिल्या चार-आठ ठोक्यांतच, कोणतं गाणं धावतंय आणि कोणतं मागे ओढतंय हे ओळखून बोटाने तबकडीला हलका अटकाव किंवा धक्का द्यायचा असतो. याची तालीम साधी आहे. एकच वाद्यसंगीत दोन्ही बाजूंना लावा, एका बाजूची गती कुणाला तरी गुपचूप बदलायला सांगा, सिंक बंद करा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पुठ्ठा ठेवा. पुठ्ठा महत्त्वाचा. पडद्यावरच्या लाटा दिसत असल्या की डोळे जुळवतात आणि कान झोपतो. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. सुरुवातीला वैताग येईल. दोन-चार आठवड्यांनी पुठ्ठा काढावासाच वाटत नाही.

लय जुळली म्हणजे मिक्स झालं असंही नाही. गाणं ओळीओळीने चालतं. आठ किंवा सोळा बारांनी काहीतरी बदलतं. नवं गाणं त्या वळणावर सोडलं तर ऐकणाऱ्याला जोड कळतच नाही. तिसऱ्या बारात सोडलं तर दोन माणसं एकाच वेळी बोलत असल्यासारखं होतं. दुसरी बाब बेसची, आणि इथे ‘पब्लिकले बेस पायजे’वाल्यांचीच जास्त चूक होते. दोन्ही गाण्यांचा बेस एकदम चालू ठेवला की पेट्यांतून चिखल बाहेर पडतो. एकाचा बेस उतरवायचा, मग दुसऱ्याचा चढवायचा, एका ठोक्यावर. बेस जपून वापरणाऱ्याचाच बेस छातीत लागतो. आणि मीटर लाल दिव्यात न जाऊ देणं, हे तर पहिल्या दिवशी शिकायचं. लाल दिव्यात गेलेला आवाज मोठा होत नाही, फाटतो. सहा मात्रांचं अहिराणी गाणं चारच्या ठेक्यावर आणायचं असेल तर दोन्हींचे ढोल एकत्र फार वेळ ठेवू नयेत. मुख्य ठोके एकमेकांवर बसवून, एकाचा नुसता गळा ऐकवून, मग ठेका बदलावा. हे कुठल्या शिकवणीत सांगत नाहीत, कारण शिकवण्या बनवणाऱ्यांपुढे आपली गाणी नसतात.

आणि स्क्रॅच. नवशिके इथे हमखास घाई करतात. क्यूबर्टसारख्या उस्तादाचा एखादा व्हिडिओ बघितला, बोटांचा पाऊस बघितला, की आपणही क्रॅबसारखा अवघड स्क्रॅच करायला बसतात आणि पंधरा दिवसांत कंटाळून ‘आपल्याकडे चालत नाही’वाल्यांच्या पंगतीत जाऊन बसतात. पहिला स्क्रॅच म्हणजे बेबी: फेडर (आवाज उघडायची-मिटायची सरकपट्टी) उघडा, एक हात तबकडीवर, आवाज पुढे आणि मागे, बस. मेट्रोनोम 80 वर लावा. आधी एका ठोक्याला एक हालचाल, मग दोन, मग तीन. तीन सगळ्यात अवघड जाते आणि आपल्या सहा मात्रांच्या झोक्यामुळे इथल्या पोरांना ती इतरांहून लवकर यावी, असा माझा कयास आहे. मनगट सैल, खांद्यापासून हात हलवणारा दमतो आणि लयही सोडतो. बोटांचा दाब इतकाच की तबकडी ऐकेल. दर वेळी आवाजाच्या नेमक्या सुरुवातीवर परत यायचं, केसभर मागे नाही, पुढे नाही. जुने लोक त्यासाठी तबकडीवर चिकटपट्टी लावायचे, ब्राँक्सचाच डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश मेणखडूने खूण करायचा. 33⅓ फेऱ्यांची तबकडी एक फेरी 1.8 सेकंदांत पुरी करते, म्हणजे 100 च्या लयीत एका फेरीत बरोबर तीन ठोके. खूण घड्याळाच्या काट्यासारखी वाचता येते. लॅपटॉपला जोडायच्या कंट्रोलरची छोटी तबकडी स्वतः फिरत नाही, पण पडद्यावर फिरती खूण दिसते, तिचा उपयोग तोच.

बेबी हातात बसल्यावर दुसरा हात फेडरवर येतो. आवाज पुढे ढकलताना उघडा, मागे घेताना बंद: हा झाला कट. पुढे जाता जाता बंद करायचा आणि मागे येता येता उघडायचा: हा चर्प, डीजे जॅझी जेफमुळे जगभर पसरलेला. दोन्ही हात वेगवेगळ्या गोष्टी करत असतात आणि ठेका एकच असतो. तबला शिकणारं पोर आधी बोल तोंडाने म्हणतं, मग हातात आणतं; स्क्रॅचही तसाच तोंडाने म्हणता आला पाहिजे. म्हणता येत नाही तो हातात येत नाही. फेडरची चाल सेटिंगमध्ये तीक्ष्ण करून ठेवायची, म्हणजे तो मिलिमीटरभर सरकला की आवाज पुरा उघडतो. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळे कित्येकांना स्वतःच्याच हाताबद्दल न्यूनगंड आला आहे.

घासायचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. 1982 च्या ‘चेंज द बीट’ या तबकडीच्या शेवटी यंत्रातून काढलेले चार-दोन शब्द आहेत, जगातले बहुतेक स्क्रॅचवाले तेच घासतात. घासावेत, तालमीला उत्तम आहेत. पण चांगल्या आवाजाला लागतं काय? ठसठशीत सुरुवात आणि मागे लांब शेपूट. आता मोबाइलवर ‘भो’ अशी हाक रेकॉर्ड करून बघा. ‘भ’चा धक्का, मागे ‘ओ’ हवा तितका लांब. पुढे ढकलला की एक आवाज, मागे ओढला की दुसराच. हलगीची एक थाप, संबळाचा घुमारा, बसस्टँडवर "धुळे धुळे धुळे" ओरडणारा कंडक्टर. आवाजांना काय तोटा आहे? मराठीतलं ‘तांबडी चामडी’ 2024 मध्ये हॉलंडच्या स्पिनिन लेबलने काढलं आणि परदेशी पोरं त्यावर नाचली. तो हाउसचा प्रकार आहे, हिप-हॉपचा नाही, पण मराठी आवाज ठेक्यावर चढतो हे त्याने दाखवलंच.

"लाखांची मशीन लागतात" हे म्हणणं तर सरळ खोटं. दोन चॅनलचा साधा कंट्रोलर पाच आकडी रकमेत येतो, जुना त्याहून स्वस्त. मिक्स (Mixxx) नावाचं सॉफ्टवेअर 2001 पासून फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. फ्लॅश तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता. हेडफोनमध्ये पुढची तबकडी ऐकायची सोय त्याने स्वतः तारा जोडून केली. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सोल्डरिंग आयर्न फिरवत मोबाइलच्या पोटातली कामं करणारी पोरं बघितली की मला ते आठवतं. आयटीआय झालेल्या पोराला बिघडलेला फेडर साफ करता येतो, बदलता येतो. विनाइलशिवाय डीजे नाही म्हणणारे शुद्धतावादीही एक-दोन भेटतात. त्यांना इतकंच सांगावं की आपल्याकडे तबकड्यांचं दुकान दाखवा.

दुसरा विरोध घरातून येतो. वडील म्हणतात, डीजे म्हणजे गोंगाट, म्हातारी-कोतारी माणसं, दवाखाने, परीक्षा, कशाचा विचार नाही. यातला एकेक शब्द बरोबर आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंधन आहे, आणि गणपतीत-लग्नात त्या आकड्यांचं काय होतं ते आपण ऐकतोच. गाडीत बसणाऱ्याचं नुकसान तर सगळ्यात जास्त. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. 85 डेसिबल आठ तास सोसणारा कान 100 डेसिबलला पाव तासातच धोक्यात येतो, असा कामगारांच्या आरोग्याचा हिशेब आहे. ज्या कानावर पोट आहे तोच कान पोरं सीझनभर भिंतीला लावून बसतात. पण वडिलांनी चुकीच्या पोराला रागवू नये. खोलीत हेडफोन लावून बेबी स्क्रॅच घोटणाऱ्या पोराचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. गंमत अशी की डीजे बंद करा म्हणणारे आणि बेस वाढवा म्हणणारे, दोघेही डीजेला डेसिबलवरच मोजतात.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. या सीझनला स्क्रॅचमुळे एकही सुपारी मिळणार नाही. हळदीच्या आणि वरातीच्या सुपाऱ्या चालू ठेवाव्यात, पेट्या उचलाव्यात, गाडी लावावी. त्यात कमीपणा नाही. फक्त मंडळवाल्यांना आणि साउंडमालकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या एखाद्या हळदीला, वरात निघायच्या आधी, कन्सोल भिंतीमागून काढून मांडवात टेबलावर ठेवा. समोर गावातला हलगीवाला बसवा. पेट्या निम्म्यावर आणा. पोराला दहा मिनिटं द्या: एक अहिराणी गाणं, एक हिप-हॉपचा ठेका, आणि मधे हलगीला उत्तर देणारा स्क्रॅच, सगळ्यांना हात दिसेल असा. पब्लिक उठून गेलं तर बेस वाढवायला गाडी दारात उभीच आहे.